माझ्या तोंडून सारिका

भिवंडी आणि आसपासच्या गावांतले लग्नाचे अल्बम उघडून बघा. त्यातल्या काहींत नवरा-नवरीच्या मधोमध एक चष्मेवाली बाई उभी दिसेल. ती ना वराकडची, ना वधूकडची. ती मी. नवरी बहिरी असेल तर भटजी काय म्हणताहेत हे तिला कळायला हवं, म्हणून मी समोर उभी राहून तिला हातांनी सांगत असते. फोटोग्राफर वैतागतो. "म्याडम, थोडं साइडला," म्हणतो. मी साइडला सरकले की नवरीची मानही माझ्यामागोमाग सरकते आणि फोटो आणखीच बिघडतो.

मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. सरकारी कागदावर ‘कर्णबधिर’ लिहितात, पण आमची माणसं स्वतःला बहिरीच म्हणवून घेतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. ‘मुका’ म्हटलेलं मात्र कुणाला खपत नाही. दिवसभर हातांनी बडबड करणाऱ्या माणसाला मुका कसं म्हणायचं?

हे काम मी शिकले ते नंतर. त्याआधी ते माझ्या घरातच होतं. आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बहिरे. बाबा भिवंडीतल्या निजामपुऱ्यात कापडाचे लूम चालवायचे. लूम सुरू असले की तिथं कान असून नसल्यासारखेच. ऐकणारे कामगारही एकमेकांशी खुणांनी बोलतात. त्यामुळे कारखान्यात बाबांचं काही अडत नसे. उलट लूममध्ये काही बिघडलं की जमिनीची थरथर बदललेली त्यांच्या पायांना आधी कळायची. नव्यानं आलेल्या परप्रांतीय कामगारांना शेठ सांगायचा, "चाचा के हाथ देखो, काम सीख जाओगे."

घराबाहेर मात्र आईबाबांचं तोंड म्हणजे मी. रेशनचं दुकान, घरमालक, शाळेतले मास्तर, सगळीकडे मला पुढे केलं जायचं. मोठी झाल्यावर रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि त्याच कामाला फी मिळायला लागली. कोर्ट, दवाखाना, बँक, पोलीस चौकी, बारसं, लग्न, कुठंही बोलावणं येतं. जोडीला निजामपुऱ्यात एका खोलीत बहिऱ्या मुलांचा आणि त्यांच्या आयांचा वर्गही घेते. एका गोष्टीची चुटपुट राहिली. बाबा आणि त्यांचे सोबती लूमवर ज्या खुणा वापरायचे, त्या कुणी टिपून ठेवल्या नाहीत. मीही नाही. आज त्यातल्या मूठभरच मला आठवतात.

आमच्या कामाचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही. कळलं नाही तर अंदाज बांधायचा नाही, कळलं नाही म्हणून सांगायचं. आणि बहिरा माणूस बोलत असेल तर आपण ‘मी’ म्हणायचं. ‘तो म्हणतोय की त्याला ताप आहे’ असं नाही, ‘मला ताप आहे’ असं. बोलणारा तो आहे, मी फक्त आवाज.

या ‘मी’नं फार गमती केल्या आहेत. एका बहिऱ्या कामगाराची सायकल चोरीला गेली. चौकीत त्याच्या शेजारी उभी राहून मी म्हणाले, "माझी सायकल चोरीला गेली. मी नळावर पाणी भरायला गेलो होतो." हवालदारानं मान वर केली. "गेलो होतो?" मग त्यानं माझंच नाव विचारून फिर्याद लिहायला घेतली. ती खोडायला लावताना मला घाम फुटला. "सायकल याची, मग रडताय तुम्ही कशाला?" तो म्हणाला. मी रडत नव्हते, तो कामगार रडवेला होऊन बोलत होता. मी तसंच बोलत होते.

तर अशा या कामात मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटतो, असं कुणी विचारलं की मी सारिकाचं सांगते.

सारिका वळ गावची. तिच्या आईनं तिला लहानपणी माझ्या वर्गात आणलं. लेकीसाठी ती आई स्वतःही मागच्या बाकावर बसून खुणा शिकली, आणि चांगली शिकली. सारिका वयात येता येता आई आजारी पडून गेली. घरात उरले दोघं, सारिका आणि तिचे वडील हिराजीदादा. दादांची शेती गेली, त्या जागेवर गोडाऊन उभं राहिलं, भाडं येऊ लागलं. माणूस तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. पण खुणा ते कधी शिकले नाहीत. बायको होती तोवर गरज पडली नाही. ती गेल्यावर बोट दाखवून भागायला लागलं. पाणी हवं तर तांब्याकडे बोट, चहा हवा तर शेगडीकडे. सारिका शिकून सवरून गावातल्याच एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला लागली आणि तिथं शिफ्टची प्रमुख झाली.

तिला केदार भेटला तो अंबाडीला, एका नातलगाच्या हळदीत. केदारचं घराणं अंबाडीचंच, पण आईवडील त्याला लहानपणीच अमेरिकेला घेऊन गेले. तोही जन्माचा बहिरा. तिथल्या बहिऱ्यांच्या शाळेत शिकला, तिथलाच नागरिक झाला, एका बेकरीत काम करतो. आमच्याकडच्या हळदी म्हणजे डीजेचा दणदणाट. मांडवात सगळे एकमेकांच्या कानात ओरडत होते, आणि ही दोघं मांडवाच्या दोन टोकांना उभी राहून निवांत बोलत होती.

निवांत म्हणजे तशी धडपडतच. लोकांना वाटतं, खुणांची भाषा जगभर एकच. तसं नाही. आपली वेगळी, अमेरिकेची वेगळी. आपण अक्षरं दोन हातांनी काढतो, ते एका हातानं. सारिका मराठी लिहिते, इंग्रजी जेमतेम. केदारला मराठी अक्षर वाचता येत नाही. तरी त्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांना काय काय सांगितलं देव जाणे. केदार परत गेला तो रोजच्या व्हिडिओ कॉलचं ठरवूनच. पुढच्या वर्षी वळ गावात लग्न झालं, गाव लोटलं होतं. अल्बममध्ये मी आहेच.

लग्न झालं म्हणून बायको लगेच विमानात बसत नाही. नवऱ्यानं तिकडे अर्ज करायचा, तो मंजूर व्हायची वाट बघायची. मग पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. मुलाखत घेणाऱ्याला एकच गोष्ट ठरवायची असते, की हे लग्न खरं आहे, की तिकडे जाण्यापुरतं लावलेलं आहे. म्हणून फोटो बघतात, फोनवरचे निरोप बघतात, बारीकसारीक विचारतात.

सारिकाला दुभाषी लागणार होती. केदारनं वकिलातीला आधी कळवून माझ्यासाठी परवानगी काढली. मी होकार देताना सारिकाला समोर बसवून सांगितलं, "तिथं मी तुझी बाई नसेन. तू सांगशील तेवढंच बोलेन." तिनं मान डोलावली. तेव्हा तिला ते सोपं वाटलं असावं. खरं तर मलाही.

मुलाखतीच्या दिवशी हिराजीदादांनी गाडी केली. त्यांना बाहेरच थांबावं लागलं. फोन, पिशव्या सगळं त्यांच्याजवळ ठेवून आम्ही दोघी आत गेलो.

खिडकीत काचेपलीकडे एक तरुण अधिकारी बाई होती. सौम्य होती, इंग्रजी बोलत होती, घाई नव्हती तिला. आधी शपथ झाली. ती म्हणाली, "उजवा हात वर करा." मी सांगितलं, सारिकानं हात वर केला. मग ती म्हणाली, "खरं बोलेन अशी शपथ घ्या." आता हात वर म्हणजे आमच्या भाषेत तोंड बंद. सारिका बिचारी डाव्या हातानं उत्तर द्यायची खटपट करायला लागली. मी अधिकाऱ्याला अडचण सांगितली, ती हसली आणि म्हणाली, "हात खाली घेऊन उत्तर द्यायला सांगा." तेवढं हसल्यानं सारिकाचे खांदे जरा सैल झाले.

नाव, गाव, काम, सगळं नीट झालं. अल्बम चाळताना अधिकारी मध्येच थांबली. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "या तुम्हीच ना?"

"हो. तिथंही मी कामावरच होते," मी म्हणाले. ती पुन्हा हसली. पण आता तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली होती. ती माझ्यामुळे नव्हती. तिनं फोनवरच्या निरोपांचे छापलेले कागद पुढे ओढले होते. त्यात वाक्यं जवळजवळ नव्हतीच. फुलं, चेहरे, भाकरीचा फोटो, बेकरीतल्या पावाचा फोटो, ‘ओके’, ‘कम होम’, ‘ईट?’. दोन वर्षांचा संसार आणि दोघांमध्ये पानभर मजकूर नाही.

तिनं विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येत नाही. त्यांना मराठी येत नाही. त्यांची खुणांची भाषा वेगळी, तुमची वेगळी. मग तुम्ही बोलता कसं?"

प्रश्न रास्त होता. तिच्या जागी मी असते तर मीही हाच विचारला असता. मी तो सारिकाला सांगितला.

सारिकाचा चेहरा उजळला. तिला वाटलं, हे तर सगळ्यात सोपं. आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पण ज्या खुणा ती करायला लागली त्या मला येत नव्हत्या. दोन्ही तळवे पाठीला पाठ लावून उलटे केले. मग गालावरून बोट ओढून मनगटावर टेकवलं. मग छातीवर दोन टिचक्या. त्या आमच्या नव्हत्या, अमेरिकेच्याही नसाव्यात. मी तिला थांबवून आमच्या भाषेत विचारलं, "म्हणजे काय?" ती गोंधळली, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच तिनं केलं. त्याच खुणा पुन्हा केल्या, जास्त जोरात आणि जास्त वेगानं.

अधिकारी माझ्याकडे बघत होती. माझ्या डोक्यात तीन-चार अंदाज तयार होते. त्यातला कुठलाही सांगितला असता तरी खपून गेला असता. मी म्हणाले, "मला या खुणा कळत नाहीत. त्या या दोघांच्या आपसातल्या असाव्यात, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही." आणि मी असं म्हटलं आहे हे, नियमाप्रमाणे, सारिकालाही सांगितलं.

अधिकाऱ्यानं थोडा वेळ काहीतरी लिहिलं. मग एक चिठ्ठी सरकवली. नकार नव्हता. नवरा-बायको एकमेकांशी कसे बोलतात याचा आणखी पुरावा द्या, पुन्हा बोलावू, असं होतं.

बाहेर फुटपाथवर हिराजीदादा उभे होते. आमचे चेहरे बघून पुढे आले. "काय जाला?"

मी सांगितलं. शेवटचं ऐकून त्यांचा आवाज चढला. "बाई, तुमी थय उब्या व्हत्या ना? समजला न्हाय त कायपन सांगाचा! ती गोरी बाय काय आमची भासा जानते?"

"ती जाणत नाही दादा, म्हणूनच मला खोटं सांगता येत नाही."

"तुमचा खरा तुमच्याजवल ठेवा. माजे पोरीचा संसार रायला ना मागं."

मी गाडीत बसले. सारिका माझ्या शेजारी होती. तिच्याशी बोलायला मी हात उचलला आणि तिनं डोळे मिटून घेतले. ऐकणारी माणसं अबोला धरतात तेव्हा निदान कानावर आपला शब्द पडतो तरी. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की दारच बंद. काशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत आम्ही कितीतरी वेळ अडकलो, आणि घर येईपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

माझा नियम बरोबर होता याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण बरोबर असणं आणि कामाला येणं यांत फरक असतो. सारिकानं तिच्या परीनं चोख उत्तर दिलं होतं. मला तिची भाषा येत नव्हती, कमी मी पडले होते. जिला मी पहिली अक्षरं शिकवली, ती आता मला न येणारी भाषा बोलत होती.

पुढच्या रविवारी मी वळला गेले. सारिका ओसरीवर भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. मी तिच्या समोर खाली बसले, मेथीची जुडी घेऊन निवडायला लागले. बऱ्याच वेळानं तिची नजर वर आली. मी हात पुसले आणि म्हणाले, "तू शिकव. मी शिकते."

तिनं विचारलं, "काय?"

"तुमच्या दोघांची भाषा."

तिनं आधी खात्री करून घेतली की मी चेष्टा करत नाहीये. मग तिचा राग एकदम बाहेर पडला. काचेपुढे सगळ्यांदेखत ‘कळत नाही’ म्हटलंत, मला किती लाज वाटली, वर्गात मला काही आलं नाही की तुम्ही दहा वेळा सांगायचात, तिथं दुसऱ्यांदा सुद्धा विचारलं नाहीत. मी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे बघून घेतलं. तिचं बोलून झाल्यावर तिनं माझ्यापुढे दोन्ही तळवे धरले, पाठीला पाठ लावून. एक बाजू वर. "माझी सकाळ." तळवे उलटे केले. "त्याची रात्र." पुन्हा उलटे. "रोज. मी कामावर निघण्याआधी, तो कामावरून आल्यावर."

माझा पहिला धडा झाला.

मग मी आठवड्यातून दोन-तीन सकाळी वळला जायला लागले. कॉलच्या वेळी सारिकाच्या मागे, केदारला दिसेन अशी बसायचे. त्याची परवानगी होतीच. तो सुरुवातीला लाजायचा. नंतर मीही तिथं आहे हे विसरायला लागला, इतकं की काही वेळा मलाच चष्मा काढून पुसत बसावं लागायचं.

मी आयुष्यभर भाषा एकीकडून दुसरीकडे नेत आले. भाषा जन्माला येताना पहिल्यांदा बघितली. एखादी खूण त्याची, एखादी तिची, आणि मधल्या जागेत दोघांनी घडवलेल्या. गालावरून बोट ओढून मनगटाला लावलं की ‘वेळ झाली तरी जाऊ नकोस’. छातीवर दोन टिचक्या म्हणजे ‘कळलं, पुढे बोल’. केदारच्या आईसाठी एक खूण होती, ती मी इथं सांगणार नाही. त्या खुणांना व्याकरण होतं, थट्टा होती, टोमणेही होते. बाबांच्या लूमवरच्या खुणा हरवल्या त्या हरवल्या, पण इथं निदान मी वेळेवर पोचले होते.

आम्ही काही कॉल दोघांच्या संमतीनं रेकॉर्ड केले. केदारच्या बाजूचं भाषांतर तिकडच्या दुभाष्यानं केलं, सारिकाच्या बाजूचं मी. दोघांच्या आपसातल्या खुणांचे अर्थ दोघांना वेगवेगळे विचारून घेतले, ते जुळले. सगळं वकिलातीत पाठवलं आणि वाट बघत बसलो. हिराजीदादा त्या दिवसांत माझ्याशी बोलत नसत. मात्र मी आले की चहा पाठवायचे.

दुसऱ्यांदा बोलावणं आलं. खिडकीत तीच अधिकारी होती. आम्ही पाठवलेलं सगळं तिनं बघितलं असावं, कारण तिनं भाषेबद्दल काही विचारलंच नाही. दोन-चार साधे प्रश्न झाल्यावर म्हणाली, "तुमचं दोघांचं शेवटचं भांडण कशावरून झालं?"

हा प्रश्न नवरा-बायकोला हमखास विचारतात. खोट्या जोडप्याला गोड गोष्टी पाठ करता येतात, भांडण पाठ करणं सुचत नाही.

मी तो सारिकाला सांगितला. उत्तर द्यायच्या आधी तिनं मला विचारलं, "सगळं सांगू?" मी तेही मोठ्यानं बोलले, कारण तोही तिचा शब्द होता. अधिकारी म्हणाली, "हो, सगळं."

सारिकाचे हात सुरू झाले आणि त्यांच्यामागून माझा आवाज.

"भांडण मुलावरून झालं. अजून मूल नाही, पण होईल तेव्हाचं. मी म्हणाले, मूल बहिरं झालं तर आपली भाषा बोलेल, ऐकणारं झालं तरी बोलेल. केदार म्हणाला, ऐकणारं झालं तर फार बरं. बँकेत, डॉक्टरकडे, दुकानात ते आपल्या वतीनं बोलेल. मला राग आला. मी म्हणाले, नाही. माझं मूल हे काम करणार नाही."

अधिकाऱ्यानं विचारलं, "का?"

सारिकानं माझ्याकडे बोट केलं. तिनं ‘ही’ म्हटलं. मीही म्हणाले, "ही." आणि पुढचं काय येणार ते मला कळलं. मी ती गोष्ट वर्गात आयांना एकदाच, खुणांनीच सांगितली होती, मुलांना दुभाषी बनवू नका हे समजावताना. सारिका तेव्हा कोपऱ्यात बसून चित्र काढत होती. आमच्या वर्गात कुणी आपल्या हातांकडे बघत नाही असं समजून बोलायचं नसतं, हे मी विसरले होते.

"ही माझी बाई. हिचे आईबाबा बहिरे होते. ही लहान होती, शाळेतही जात नव्हती. हिचा भाऊ जन्मला तेव्हा दवाखान्यात डॉक्टर हिला म्हणाले, आईला सांग, बाळ गेलं. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. हिनं आईला सांगितलं. आईला वाटलं, पोरीला नीट कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. हिनं पुन्हा सांगितलं."

माझा आवाज थांबला नाही. इतक्या वर्षांचं काम आहे, तो थांबत नाही. पण मला आठवतं, मी काचेच्या खालच्या पट्टीला धरून उभी होते. ज्या बाईबद्दल मी बोलत होते ती कुणी तिसरीच आहे असं स्वतःला सांगत होते. आमच्या नियमात ‘मी’ म्हणजे सारिका. मग ‘ही’ म्हणजे जी कुणी असेल ती.

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मुद्दाम नजर वळवून सारिकाकडे पाहिलं. ते तिनं फार चांगलं केलं. प्रश्न सारिकालाच विचारायचा होता. "मग भांडण मिटलं कसं?"

सारिका हसली. "चार दिवस मी कॉलवर डोळे मिटून बसले. पाचव्या दिवशी तो म्हणाला, ठरलं. आपण दुभाषी बोलावू, तिची फी देऊ. मूल खेळेल."

आता हसू आवरणं मला जड गेलं. धंद्याची एवढी चांगली जाहिरात माझ्याच तोंडून, अमेरिकेच्या खिडकीसमोर झाली होती.

अधिकाऱ्यानं पासपोर्ट आपल्याजवळ ठेवून घेतला आणि म्हणाली, "व्हिसा मंजूर आहे." पासपोर्ट परत सरकवला नाही यावरूनच सारिकाला कळलं होतं. तिचे डोळे भरलेसुद्धा. तरी मी ते वाक्य पूर्ण सांगितलं. ते सांगायचा हक्क मी कमावला होता.

बाहेर येताच सारिका धावत वडिलांकडे गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. हिराजीदादांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. "जाला?"

"झालं."

ते तिला थोपटत राहिले. मग त्यांचा हात थांबला. "बाई," ते म्हणाले, "आता ती थय जानार. मंग मी तिच्याशी बोलू कसा? फोनावं बोट कंच्या तांब्याला दाखवू?"

सारिका गेली. विमानतळावर मी गेले नाही, तिथं दुभाष्याची गरज नव्हती. त्यानंतरच्या सोमवारी मी वर्ग सुरू केला, तर मागच्या बाकावर, दोन तरुण आयांच्या शेजारी, इस्त्रीचा सदरा घालून हिराजीदादा बसलेले. आया अवघडून गेल्या. ते मोठ्यानं म्हणाले, "माजेकडं नका बगू, बाईंकडं बगा. मना ‘जेवलीस का’ शिकाचा हाय."

भात लावून आणि नांगर धरून राठ झालेली बोटं. वळायची नाहीत. ‘जेवलीस’ म्हणताना ते मूठ अशी नेत की तोंडावर ठोसा मारताहेत असं वाटे. वर्गातली पोरं खिदळायची, तेही खिदळायचे, आणि पुन्हा करायचे. एकही सोमवार त्यांनी चुकवला नाही. सारिकाला यातलं काही कळवायचं नाही अशी त्यांची ताकीद होती.

बऱ्याच आठवड्यांनी त्यांनी वर्ग संपल्यावर फोन माझ्या टेबलावर डब्याला टेकवून उभा केला. "तुमी हितंच बसा, बाई. अडला त सांगा." पडद्यावर सारिका आली. मागे तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. वडील एकटे बघून तिनं हात हलवला, आणि पलीकडे कुणी आहे का म्हणून बघायला लागली.

हिराजीदादांनी दोन्ही हात वर घेतले, घसा साफ केला, आणि विचारलं, "जेवलीस का?"

सारिका हलेना. मला वाटलं कॉल अडकला. मग तिचे हात सुटले ते थांबेचनात. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम. हिराजीदादांना त्यातलं काही झेपेना. ते माझ्याकडे वळले. "काय बोलली?"

मला सगळं कळलं होतं. मी हात मांडीवर ठेवले. "दादा, तुम्हीच विचारा तिला."

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, मग पडद्याकडे. तळहात खाली दाबत, हळू, असं केलं. बोट गोल फिरवलं, म्हणजे पुन्हा. सारिकानं डोळे पुसले आणि त्यातलं थोडंच पुन्हा सांगितलं, एकेक खूण सुटी करून, लहान मुलाला सांगावं तशी. ते पुढे वाकून बघत होते, ओठ हलत होते. एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली.

"वांगा भाजला म्हनं!" ते मला ओरडून सांगायला लागले, जणू मला ते कळलंच नव्हतं. "भरीत कराला घेतला, आन जलला!"